शिंप्याच्या ओठांतील टिचबटणांबाबत

अर्जदार : मी स्वतः, चामोर्शीच्या कचेरीसमोरील अर्जनवीस. विषय : शेजारचा शिंपी, नाव सौजन्यास्तव गाळले आहे. साक्षीदार : चहावाली बाई. दिवस : आठवडी बाजाराचा.

सदर इसम ब्लाऊजची टिचबटणे ओठांत धरून शिवत असे. त्यामुळे कोणत्याही प्रश्नास त्याचे उत्तर "हूं" एवढेच येई. त्याची लहानगी नात त्याची नक्कल करी. त्या दिवशी तिने एक बटण ओठांत धरले, हसली आणि गिळून बसली.

"केळ चारा भाऊ, बटन घसरून जाईन खाली!" चहावाली बाई ओरडली.

दवाखान्याच्या भिंतीवरील सूचना मी वाचलेली असल्याने अधिकारवाणीने बजावले, "काही चारू नका, घशात बोट घालू नका, उलटी करवू नका. मुलगी बोलते आहे, श्वास ठीक आहे. थेट दवाखाना गाठा."

सदर इसमाने तोंडातील सगळी बटणे थुंकली. डॉक्टरांना दाखवण्यासाठी तसलेच एक मुठीत घेतले आणि नातीस उचलले.

"आबाले सोडून जाशीन का वं, माय?"

"नाई," ती म्हणाली. तो तिला घेऊन दवाखान्याकडे धावला.

एक्स-रेच्या फोटोत बटण पोटात उतरलेले दिसले. डॉक्टर म्हणाले, आपोआप पडेल; पोट दुखले वा उलटी झाली तर लगेच आणा; घड्याळाचा सेल असता तर अनर्थ होता. बटण यथावकाश पडले.

आता बटणे उंच फळीवर, झाकणाच्या डबीत असतात आणि सदर इसम दिवसभर बोलतो. "बाबूजी, आज इनं मले नाचून दाखवलं! काऊन हसत नाई तुमी?"

ते ऐकता ऐकता माझे अर्ज चुकतात. तरी नम्र विनंती की, त्याच्या बडबडीबाबत कोणतीही कारवाई करू नये व तसे लेखी उत्तर अर्जदारास मिळावे.