तबकडीतला मागचा माणूस

या वर्षी सोसायटीच्या गोदामात खताची पोती आलीच नाहीत. पाऊस नाही, पेरणी नाही, तर खत कुणाला हवंय? पण रिकाम्या गोदामात माणसं येऊन बसायला लागली की किश्श्यांची थप्पी लागते. दादा, म्हणजे माझे वडील, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. ते म्हणतात, पोत्यांना उंदीर लागतात आणि किश्श्यांना विसर, म्हणून कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. लिहायला जमतं.

हे सगळे किस्से गिटार वाजवणाऱ्यांचे आहेत. आमच्या तामलवाडीत गिटार कुणी पाहिलेली नाही. आणि तरीही यातले बरेचसे किस्से कोंडिबाकाका गोंधळ्यांपाशी येऊन थांबतात, कारण नेमकं त्याच दिवसांत त्यांचं तुणतुणं कायमचं खुंटीला लागायची वेळ आली होती.

*

बोअरचं मशीन घेऊन फर्नांडिस साहेब गावात आले, तेव्हा दादांनी त्यांना गोदामाला लागून असलेली खोली दिली. साहेब गोव्याचे. सामान म्हणजे एक ट्रंक, एक रेकॉर्ड प्लेअर आणि चार तबकड्या. चारही एकाच जातीच्या. पुढं पियानो, मागं गिटार आणि माणसाएवढं उभं व्हायोलिन, ज्याला साहेब बास म्हणतात. तिघंच. या संगीताला जॅझ म्हणतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

संध्याकाळी साहेब प्लेअर गोदामात आणून मांडायचे, पण दिवसभर मशीनचा दांडा धरून त्यांचे हात थरथरायचे. सुई ठेवायला गेले की तबकडीवर ओरखडा. म्हणून ते काम माझ्याकडं आलं. सुई टेकवायची आणि मागं पोत्यांच्या रिकाम्या फळीवर जाऊन बसायचं.

पहिल्याच दिवशी समोरच्या शिलाईच्या दुकानातून रशीदचाचा आले. थोडं ऐकून म्हणाले, "साब, ढोलकवाला आया नै क्या?"

साहेब म्हणाले, या तिघांत ढोलकवाला नसतोच. ठेका गिटारवाला धरतो.

चाचांना पटलं नाही. ते कान देऊन बसले. हळूहळू त्यांचा पाय जमिनीवर हलायला लागला, शिलाई मशीनच्या पायट्यावर हलतो तसा. चक् चक् चक् चक्, एका मापानं. मध्येच गिटारवाल्यानं तारा तळव्यानं दाबून अशी थाप मारली की खरंच ढोलकी आल्यासारखं वाटलं. चाचांनी दाराकडं वळून पाहिलं!

तबकडी संपल्यावर ते म्हणाले, "ये तो टाका है. कपडा सब देखते, टाका कौन देखता?"

*

मला मात्र गिटार ऐकूच येत नव्हती. पियानो इतका भरभरून वाजायचा की दुसरं काही कानात शिरायलाच जागा नसायची. साहेबांना सांगायची लाज वाटत होती, पण त्यांनी माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं.

"बाय, पियानो ऐकू नको," ते म्हणाले.

मोठ्यानं वाजणारी गोष्ट ऐकायची नाही, हे कसं करायचं? घरी गेल्यावर विचार केला. लग्नघरात पन्नास बायका बोलत असतात, तरी आपल्या आईच्या बांगड्या कुठल्या खोलीत वाजतात ते कळतंच की. मग मी तसं ऐकायला सुरुवात केली.

नवव्या दिवशी पियानोनं श्वास घेतल्यासारखी जागा सोडली आणि त्या जागेत तीन बारीक सूर टाकून कुणीतरी पटकन बाजूला झालं. पुढच्या जागेत पुन्हा. कुठंही पाय न अडखळता, कुणाच्याही अंगावर न जाता.

"सापडली," मी म्हणाले.

दादांनी लिहिता लिहिता मान वर केली. त्या गोदामात मी पहिल्यांदाच काही बोलले होते. साहेबांनी उठून नुसती तबकडी उलटी करून माझ्या हातात दिली.

त्याच संध्याकाळी त्यांनी त्या गिटारवाल्यांची नावं माझ्या वहीत लिहून दिली. ती मला पाठ आहेत. शाळेत कुणी विचारणार नाही, हेही मला ठाऊक आहे. त्यांना पत्र लिहावंसं वाटलं होतं, तुमचं ऐकू आलं, एवढंच कळवायला. पत्ता साहेबांकडंही नव्हता.

*

आता कोंडिबाकाका. ते आणि त्यांचे थोरले भाऊ मारुतीकाका, दोघं गोंधळी. मारुतीकाका संबळ वाजवतात आणि कथा सांगतात. कोंडिबाकाका मागं उभं राहून तुणतुणं वाजवतात, झील धरतात, म्हणजे मागून सूर ओढतात, आणि कथेत अधूनमधून "मग फुडं काय झालं?" असं विचारतात. तुळजापूरच्या वाटेवरचं आमचं गाव, गोंधळाला कधी तोटा नव्हता. पण दुष्काळात लग्नंच पुढं गेली. जी झाली, त्यांनी एका माणसाच्या शिध्यावर भागवायला बघितलं. मारुतीकाकांनी भावाला सांगून टाकलं की लोक कथा ऐकायला येतात, तुणतुण्यावाचून कुणाचं काही अडत नाही. मी एकटा जाईन, तू खडीवर जा.

कोंडिबाकाका दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. एके दिवशी परतताना गोदामातल्या माठाचं पाणी प्यायला थांबले. बोटाला चिंधी बांधलेली. तांब्या तोंडाला लावला आणि वाजणारी तबकडी ऐकत तसाच धरून उभे राहिले.

"ह्यो मागं कोन हाय?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी तबकडीचं पाकीट दाखवलं. त्यावर पियानोवाला कोट घालून मोठा हसतोय. गिटारवाला कडेला. त्याचा चेहरा चौकटीच्या बाहेर गेलेला, आत फक्त गिटारीची मान आणि चार बोटं.

कोंडिबाकाकांनी पाकीट लांब धरून, जवळ धरून पाहिलं. "आमचंबी फोटू असंच निघत्यात," ते म्हणाले आणि उरलेलं पाणी प्याले.

*

मग ते रोज यायला लागले. चाचांनी त्यांना एकदा डिवचलं, की नुसतं मान काय डोलावता, तुणतुणं आणा आणि बसा त्या गिटारवाल्याच्या शेजारी.

"एका फुडच्यामागं दोन मागचं कशाला?" कोंडिबाकाका म्हणाले. "त्यो सांभाळतोय की."

पण दुसऱ्याच दिवशी त्यांचं त्या गिटारवाल्याशी बिनसलं. तिसऱ्या तबकडीत एका जागी गिटारवाला एकटा पुढं येतो आणि छान लांबलचक वाजवतो. आम्हाला सगळ्यांना ती जागा आवडायची. कोंडिबाकाका कासावीस झाले. हा पुढं आला, मग मागं कोण राहिलं? हे काही त्यांना बरोबर वाटेना.

साहेबांनी मला सुई उचलून तीच जागा पुन्हा लावायला सांगितली. या वेळी काकांनी डोळे मिटले. गिटार पुढं होती आणि तिच्या खाली पियानो अगदी बारीक होऊन, एकेका बोटानं, नुसते टेकू दिल्यासारखे सूर देत होता. एवढा मोठा पियानो झील धरत होता.

काकांनी डोळे उघडले. त्यांच्या समजुतीत पियानोवाला आणि गिटारवाला सख्खे भाऊ होते. ती समजूत आम्ही कुणी मोडली नाही.

"त्येचा थोरला शाना हाय," ते म्हणाले.

*

सोसायटीचे चेअरमन, आबा, यांचाही एक किस्सा आहे. गोदामात इंग्रजी गाणी वाजतात, असं त्यांच्या कानावर गेलं. ते स्वतः बघायला आले. दादा जरा घाबरले. साहेबांनी खुर्ची दिली आणि मी सुई टेकवली.

आबा पूर्ण एक बाजू मांडीवर हात ठेवून ऐकत बसले. एकदाही हलले नाहीत. आम्हाला वाटलं, आवडलं. तबकडी थांबल्यावर आबा म्हणाले, "बरं, साज लावून झाला असंल तर आता गाऊ द्या त्यांना."

चाचा बाहेर जाऊन हसून आले.

*

याच आबांनी पुढं सर्वसाधारण सभा बोलावली. मागची सभा माणसं न जमल्यामुळं तहकूब झाली होती. सगळे खडीवर, सभेला कोण येणार? यंदाही कोरम झाला नाही तर दुष्काळी कर्जाचा ठराव लटकणार, म्हणून दादांना झोप नव्हती. आबांनी युक्ती काढली. खडीच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, आधी मारुतीकाकांची कथा आणि कथा रंगात आली की सभा. माणूस कथा सोडून उठत नाही.

गोदाम भरलं. मी दादांच्या शेजारी हजेरीचा कागद घेऊन बसले होते. साहेब दाराशी उभे. कोंडिबाकाका प्रेक्षकांत, मधल्या ओळीत, चाचांच्या बाजूला. अंगावर आदल्या दिवशीची खडीची धूळ तशीच.

मारुतीकाकांनी संबळ चांगली वाजवली. गण झाला, कथा सुरू झाली. राक्षस माजला, देवीनं शस्त्र उचललं. बोलता बोलता मारुतीकाका सवयीनं डाव्या खांद्याकडं वळले. तिथं कुणी नव्हतं. त्यांनी स्वतःच पुढं रेटलं. थोड्या वेळानं पुन्हा वळले. पुन्हा रेटलं, पण आता शब्द एकमेकांवर पडत होते आणि आवाज नुसता वर वर चालला होता. मागच्या ओळीतले दोघं उठून बाहेर गेले. आणखी एक गेला. दादा माझ्या कागदाकडं बघायला लागले.

तिसऱ्यांदा मारुतीकाका वळले आणि थांबले. संबळही थांबली. देवीचा हात वर आणि राक्षस खाली, असंच सगळं राहिलं.

आबा म्हणाले, "म्हना की फुडं."

मारुतीकाकांनी घाम पुसला. "फुडचं माझ्याकडं न्हाय," ते म्हणाले. मग त्यांनी मधल्या ओळीकडं बोट केलं. "फुडचं त्येच्याकडं हाय."

सगळं गोदाम मागं वळलं. बाहेर गेलेले तिघं दारातून आत डोकावले. चाचांनी कोंडिबाकाकांना कोपरानं ढोसलं, पण काका उठले नाहीत. खाली मान घालून, चिंधी बांधलेलं बोट दुसऱ्या हातात धरून बसून राहिले. मला वाटलं, आता हे उठून घरी जाणार.

मग त्यांनी मान वर केली.

"आण्णा, पट्टी चढलीया तुजी," ते म्हणाले. "खाली घे आदी. मग इचारतो."

मारुतीकाकांनी घसा साफ केला आणि पट्टी खाली घेतली.