आठ नंबरचं टर्मिनल

मला लोक सज्जन म्हणतात आणि मी ते ऐकून घेतो. ऐकून घ्यायला काय लागतं? निर्लज्जम सदा सुखी. पण एक गोष्ट आहे, जी मी बायकोलासुद्धा लग्नानंतर कित्येक वर्षांनी सांगितली, आणि तीही अर्धीच. उरलेली अर्धी सांगायला तोंड उघडलं की घसा खवखवायचा आणि मी पाणी प्यायला उठायचो. आज पाणी शेजारी घेऊनच बसलोय.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध. नागपूरच्या धंतोलीत एक खाजगी संगणक केंद्र होतं, तिथे मी नोकरीला होतो. केंद्र म्हणजे एका जुन्या बंगल्याच्या भाड्याच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत एसी, आणि त्या एसीत मुख्य मशीन. त्याला लांब वायरींनी आठ टर्मिनल जोडलेली, चार आत आणि चार बाहेरच्या खोलीत. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं सगळं आतल्या मशीनचं. आठ जणांनी आठ ठिकाणी बोटं चालवायची आणि त्या एका मशीनने सगळ्यांकडे थोडं थोडं पाहायचं, पंगतीत एकच वाढपी असावा तसं. त्या वाढप्याचा मालक मी होतो. पासवर्ड माझ्याकडे, किल्ली माझ्याकडे, आणि वय सव्वीस. म्हणजे विचारूच नका.

बाहेरच्या खोलीत कूलर होता आणि चार बायका डेटा एंट्री करायच्या. परीक्षांचे गुण, शाळाशाळांमधून आलेले, गठ्ठेच्या गठ्ठे. तिघी जुन्या होत्या. चौथी त्या वर्षी जानेवारीत लागली, कोपऱ्यातल्या आठ नंबरवर. पहिले चार दिवस मीच तिला काम शिकवलं. पस्तिशीची बाई, रोज खापरखेड्याहून बसने यायची. नवरा तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता, तो वारला. तेव्हापासून ती आणि तिची आठवीतली पोरगी भावाच्या क्वार्टरमध्ये राहत होत्या. भावजय तोंडाने काही बोलत नाही, भांड्यांनी बोलते, असं ती हसत सांगायची. मालकाने तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. जूनअखेरपर्यंत तासाला ठरलेला वेग आला तर कायम, नाही तर राम राम. कायम झाली की नागपूरला लागूनच असलेल्या वाडीला एक खोली घ्यायची आणि पोरगीला नववीला नागपूरच्या शाळेत टाकायचं, एवढंच तिचं ठरलेलं होतं. डबा खाताना ती त्या खोलीत कुठे चूल आणि कुठे पोरगीचं टेबल हे सगळ्यांना सांगायची. खोलीवाल्याला तिने जूनपर्यंत थांबायलाही लावलं होतं.

मार्चपर्यंत तिचा वेग छान चढत होता. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण रोज संध्याकाळी कोणाचा किती वेग याचा कागद मशीन छापायचं आणि तो फाडून मालकाच्या टेबलावर ठेवायचं काम माझं होतं.

एप्रिलमध्ये माझ्या होस्टेलच्या एका मित्राने फ्लॉपी पाठवली. त्यात खेळ होता. आजच्या पोरांना दाखवला तर हसतील: काळ्या पडद्यावर रेघांचा चक्रव्यूह, त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक अक्षर, आणि गोळी म्हणजे एक टिंब. पण चार माणसं चार टर्मिनलवर बसून, एकाच चक्रव्यूहात, एकमेकांना शोधून गोळ्या घालू शकत होती. अजी, तेव्हा नागपुरात असं काही कोणी पाहिलं असेल तर मला दाखवा! तो आमच्या मशीनवर बसवायला मला चार दिवस लागले. नकाशा केवढा ठेवायचा, कोणाला किती गोळ्या, मेलेला माणूस पुन्हा कुठून उगवणार, एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, हे सगळं एका फाइलमध्ये लिहून द्यावं लागायचं. मी लिहिलं. माझी गोळी इतरांपेक्षा जरा जोरात जाईल असंही लिहिलं. तेही सांगून टाकतो, लपवायचं काय आता.

मालक दुपारी एकला घरी जेवायला जायचे आणि वामकुक्षी करून चारला यायचे. त्या तीन तासांत आतली दारं लावून आम्ही चौघे बसायचो: मी, मालकाचा पुतण्या आणि त्याचे दोन दोस्त. बाहेरच्या बायकांना सांगितलं होतं की आत टेस्टिंग चालू आहे. मालकाचा पुतण्या मला ‘गुरू’ म्हणायचा. मला ते फार गोड लागायचं.

पहिल्याच आठवड्यात अडचण आली. बाहेर चौघी आणि आत आम्ही चौघे, मशीनला झेपेना. मी वळायचो तोवर माझं अक्षर मेलेलं असायचं. गुरूची अब्रू जायला लागली. मग मी डोकं चालवलं. मशीनला एक आकडा देता यायचा, की अमुक टर्मिनलचं काम मागे ठेव, बाकीच्यांचं झालं की मग बघ. वाढप्याला सांगून ठेवायचं, त्या पानावर सर्वांत शेवटी जा. चौघींना थोडं थोडं मागे ठेवलं असतं तर कुणाला फारसं कळलंही नसतं. पण जुन्या तिघी तिखट होत्या. जरा अडलं की सरळ मालकाकडे गेल्या असत्या. म्हणून मी सगळा भार आठ नंबरवर टाकला. ती बोलणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच तिला निवडलं. चूक झाली असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. मी मोजूनमापून केलं. एक वाजला की तो आकडा आपोआप लागायचा आणि चारला सुटायचा.

त्या दिवसापासून तिचे हाल सुरू झाले. ती कळ दाबायची, पडद्यावर अक्षर यायचं नाही. दबलं नाही वाटून ती पुन्हा दाबायची, आणि मग दोन अक्षरं एकदम यायची. खोडायला जावं तर खोडणंही उशिरा व्हायचं आणि बरोबर आकडेच खोडले जायचे. वेग उतरला आणि चुका वाढल्या. एका मुलाचे सदुसष्टचे सहाशे सत्याहत्तर झाले तेव्हा जुन्या तिघी पोट धरून हसल्या. तीही हसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, दुसरा नाही.

आठवडाभराने ती माझ्याकडे आली. आतल्या दारावर टकटक करून बाहेरच उभी राहिली. मी खेळ अर्धा सोडून उठलो, त्यामुळे आधीच चिडलेला होतो. ती हळूच म्हणाली, “भाऊ, मले वाटते मशीनच थांबून राहिली. दुपारी लय थांबते. सकाळी नाही थांबत.”

बघा, तिने अचूक ओळखलं होतं. इंजिनिअर मी होतो, पण दोष तिने वेळेसकट सांगितला होता. आणि मी काय बोललो? बाहेरच्या तिघींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणालो, “ताई, नाचता येईना अंगण वाकडं. दुपारी जेवण होतं, हात जड होतो. मशीन कधी थांबत नाही.”

अंगण खरंच वाकडं होतं आणि ते मीच वाकडं केलं होतं. ती “हौ भाऊ” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून तिने दुपारचा डबा खाणं सोडलं. हात जड होऊ नये म्हणून. मेमधल्या नागपुरात, उपाशी, कूलरच्या त्या दमट वाऱ्यात ती बसायची. बाकीच्या जेवत असताना कॅलेंडरच्या मागच्या बाजूला कीबोर्ड काढून त्यावर बोटं चालवायची. मी जाता-येता बघायचो. उद्यापासून तो आकडा काढून टाकू, असं मी रोज ठरवायचो. सकाळी ठरवायचो आणि एक वाजता पुतण्या सायकल लावून आत आला की विसरायचो. विसरायचो कसला, आठवत असूनही बसायचो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मालकाने मला बोलावलं. त्यांच्यासमोर माझेच फाडलेले कागद होते. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं की बाई मेहनती आहे, मार्चपर्यंत चढत होती, मग अशी घसरली काहून? मग चष्मा काढून सरळ विचारलं, “मशीनमध्ये काही दोष तर नाही ना? असेल तर तिला अजून तीन महिने देतो.”

एवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी. नुसतं ‘पाहतो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पाहिलं असतं तर खेळ निघाला असता, खेळाबरोबर पुतण्या निघाला असता, आणि त्या दोघांबरोबर मी. माझी जीभ आपोआप वळली. मी म्हणालो, “नाही साहेब. मशीन ठणठणीत आहे.”

शनिवारी तिला सांगण्यात आलं. ती रडली वगैरे नाही. टेबल पुसलं, फॉर्मचे गठ्ठे नीट लावले आणि जाताना माझ्यासमोर येऊन म्हणाली की मी तिला फार सांभाळून घेतलं, आणि तिने मशीनवर उगाच आळ घेतला त्याचा राग मी धरू नये. मी मान हलवली. माफीही मी मोठ्या मनाने स्वीकारली, म्हणजे बघा!

त्या रविवारी मला भीती वाटली. पश्चात्ताप नव्हे, भीती. सोमवारी मी खेळ पुसला, तो आकडा काढला, फ्लॉपी मोडून टाकली. पुतण्या चार दिवस रुसला आणि मग त्याला मोटरसायकल मिळाली. आठ नंबरवर नवी मुलगी आली, बावीस वर्षांची. आठवड्यात तिचा वेग ठरलेल्या आकड्यावर गेला. मालकाने कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले की बघा, माणूसच कमी पडत होता. म्हणजे मी खेळ काढला, त्यानेसुद्धा तिच्याविरुद्धच साक्ष दिली. हे मला तेव्हा लख्ख कळलं आणि तरी मी गप्प बसलो. संध्याकाळी बर्डीच्या बाजारात कोथिंबीर भरलेली सांबारवडी खाल्ली. व्यवस्थित गेली घशाखाली.

तीन वर्षांनी प्रिंटरच्या कागदांचे खोके सोडवायला मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेलो. बाहेर ट्रकांची रांग, आत धूळ, आणि खिडकीमागे मालाच्या पावत्या, बिल्ट्या लिहीत ती बसलेली. मीच आधी ओळखलं. एक क्षण मागे फिरावंसं वाटलं, पण तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला पळता आलं नाही. खुर्ची पुसून बसवलं मला. भावाकडेच राहते अजून, म्हणाली. ती खोली तेव्हाच दुसऱ्याला गेली. पोरगी गेल्या वर्षी दहावी झाली, फर्स्ट क्लासमध्ये. ती पोरगी तिथेच होती, आईचा डबा घेऊन आलेली, उंच आणि शांत. तिला कंप्युटरचा कोर्स करायचा होता, शाळेतल्या बाई फी भरायलाही तयार होत्या.

“म्याच नाही म्हटलं,” ती म्हणाली. “म्हटलं, बाई, आपल्या घरच्या हाताले तो वेगच नाही. मी पाहून चुकली.”

मग मात्र माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. उभा राहून, गोदामाच्या त्या गोंगाटात, पोरगीच्या देखत. चक्रव्यूह, गोळ्या, एक ते चार, तो आकडा, मालकाचा प्रश्न आणि माझं उत्तर. तुमच्या हातांत काही दोष नव्हता ताई, मशीन थांबत होती आणि ती मी थांबवत होतो, इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं. हलकं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पेन खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते माझ्या अपराधाचं नव्हतं.

“लय मोठं मन आहे तुमचं, भाऊ,” ती म्हणाली. “पण इतक्या वर्षांनी मायी समजूत काहून काढून राहिले? माये हात मले मालूम आहेत. माया मनाले बरं वाटावं म्हणून तुमी सोतावर नका घेऊ.”

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. जितकं सांगावं तितकी ती मान हलवत जास्तच गहिवरत गेली. शेवटी मी पोरगीकडे वळून म्हणालो, तू शीक, जरूर शीक. पोरगी आईकडे पाहत राहिली. आईने डोळे पुसले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “पाया पड भाऊच्या. यायनंच मले शिकवलं होतं. असे मानसं भेटत नाही.”

पोरगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.