महाडच्या वाटेवर दादा बोलला

दादा फौजेतून निवृत्त होऊन आला, तेव्हा आम्ही लालबाग सोडून मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमध्ये राहायला आलो होतो. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. घरात दादा, वहिनी आणि मी, तिघंच. सोसायटीतले लोक त्याला 'फौजीसाब' म्हणायचे आणि झेंडावंदनाला पुढे उभं करायचे. दादा कडक सॅल्यूट ठोकायचा, घरी यायचा आणि दार लावून प्यायला बसायचा.

आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळच्या चहाच्याही आधी. सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी मिळाली होती, ती त्यात गेली. तो आरडाओरडा करायचा नाही, कुणावर हातही उगारायचा नाही. नुसता गप्प असायचा, आणि त्या गप्प बसण्याचीच आम्हाला जास्त भीती वाटायची. एकदा वहिनीने सरबतासाठी बर्फाचा ट्रे बाहेर काढला, तर त्याने तो हिसकावून खिडकीबाहेर भिरकावला. तेव्हापासून आमच्या घरात बर्फ करणं बंद झालं. त्यामागचं कारण आम्हाला अर्धंमुर्धं माहीत होतं. वर सीमेवर, बर्फातल्या पोस्टवर असताना बर्फाचा कडा कोसळला होता आणि त्याचा जोडीदार त्यात गेला होता. याहून जास्त तो कधी बोलला नव्हता.

एक दिवस तो जिन्यातच कोसळला. कावीळ झाली होती. आधी हॉस्पिटल, मग व्यसनमुक्ती केंद्र. तिथून घरी आला तो निम्मा होऊन. हात थरथरायचे, झोप लागायची नाही. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मी देतो, पण अंग दमेल असं काहीतरी यांना करू द्या. नुसतं बसवून ठेवू नका."

पार्किंगमध्ये माझी जुनी सायकल पडून होती. "भाजी आणतो," म्हणून एका सकाळी दादा ती घेऊन गेला आणि दुपार झाली तरी परत आला नाही. वहिनी गॅलरीतून हलली नाही. कुठे गेला असेल, हे आम्ही दोघांनीही मनात ठरवून टाकलं होतं. तो आला तेव्हा घामाने निथळत होता आणि हँडलला पिशवी होती, त्यात बोंबील. वहिनी त्याच्याजवळ गेली आणि तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला. तो न हलता उभा राहिला, तिला घेऊ दिला.

"झाला घेऊन?" तो म्हणाला. "आता पाणी दे."

"अहो, होतात कुठे तुम्ही?"

"पालीला. उत्तनच्या पुढे."

मग ते रोजचंच झालं. एका रविवारी मीही त्याच्याबरोबर गेलो. पालीच्या किनाऱ्यावर एका टेम्पोतून होडीसाठी बर्फ उतरवत होते. फावड्याचा खरखर आवाज येत होता. दादाने सायकल तिथेच सोडली आणि भिंतीला टेकून खाली बसला. तोंड पांढरं पडलं होतं, श्वास लागला होता. मासळी निवडणारी एक बाई उठून आली. "काय झाला? बरा न्हाय काय?" तिने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. बऱ्याच वेळाने दादा उठला, सायकलवर बसला आणि परतीच्या वाटेवरचा डोंगरीचा चढ असा चढला, की मी पार मागे पडलो.

आता हा पुन्हा तिकडे फिरकणार नाही, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत पालीलाच गेला.

"कशाला त्रास करून घेतोस?" मी विचारलं.

"बसून असलो की ते अंगावर येतं," तो म्हणाला. "सायकल चालवताना येतं, पण माझ्याबरोबर चालतं. तेवढं झेपतं मला."

पावसाळा सरल्यावर त्याने नया नगरमधल्या एका दुकानातून जुनी गियरची सायकल घेतली. दुकानदाराने सीट त्याच्या उंचीला बसवून दिली आणि म्हणाला, "फौजीसाब, अब दिल्ली तक जाओ." दादा दिल्लीला नाही, पण वज्रेश्वरीला जाऊन यायला लागला. तिकडून आला की ताटावर तुटून पडायचा आणि जेवल्याबरोबर झोपायचा. वहिनी टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी बसून राहायची.

मग एक दिवस तो म्हणाला, "महाडला जायचंय." त्याच्या जोडीदाराची आई महाडजवळच्या एका वाडीत राहायची. इतक्या वर्षांत दादा तिला भेटला नव्हता.

"एसटीने जाऊ की," मी म्हणालो.

"एसटीने गेलो तर मधेच उतरीन. कुठे उतरीन तेही मला माहीत आहे."

मी बँकेत रजा टाकली आणि आम्ही दोघं सायकलींवर निघालो. घोडबंदर, ठाणे, पनवेल, कर्नाळ्याचा चढ. माझ्या मांड्या भरून आल्या होत्या. वडखळच्या पुढे रस्त्याला लागूनच एक बार होता. दादाचा वेग कमी झाला. त्याने पाय टेकला.

"तू हो पुढे," तो म्हणाला.

"नाही होणार."

त्याने पाय पुन्हा पेडलवर ठेवला. मग म्हणाला, "ठीक आहे. मग बाजूने चालव. आणि मी बोलेन तेव्हा माझ्याकडे बघू नकोस."

तेव्हा त्याने सांगितलं. कडा ज्या तंबूवर कोसळला, त्या तंबूत खरं तर त्याची जागा होती. ताप भरला म्हणून त्याला शेजारच्या तंबूत हलवलं आणि त्याच्या जागी जोडीदार झोपायला गेला. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते आणि दादा समोर बघत, एका सुरात सांगत होता. मीही समोरच बघत होतो. पुढचं सगळं मला धूसर दिसत होतं.

माणगावला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीत पोचलो. जोडीदाराची आई अंगणात वाल निवडत होती. दादाने स्वतःची ओळख सांगितली, तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि मला सांगितलं होतं ते सगळं तिलाही सांगितलं. तापाचं, जागेचं, सगळं.

ती म्हणाली, "आमाला त्याची पेटी उघडू दिली न्हाई. तू बघितलास त्याला?"

"मीच काढलं त्याला, आई. हातांनी बर्फ उकरून. पण वेळेत नाही जमलं."

तिने त्याचे दोन्ही हात धरले, उलटे केले, तळवे बघितले. "ह्या हातांनी?"

"हो."

"मंग परक्यांत न्हवता माझा पोर," ती म्हणाली, आणि तेव्हा दादा रडला. मोठ्याने, लहान मुलासारखा. तिने त्याला रडू दिलं. मग भाकऱ्या थापायला आत गेली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्याच वर्षी दादा एकदा घसरला. आठवडाभर पीत होता. पण या वेळी तो स्वतःच्या पायांनी डॉक्टरांकडे गेला. केंद्रात भेटलेले आणखी दोन निवृत्त फौजी रविवारी त्याच्याबरोबर पालीला यायला लागले. त्यातला एक टिकला. दुसरा यायचा बंद झाला. दादा त्याच्या घरी जाऊन बेल वाजवायचा, दार उघडलं नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा जायचा.

पुढे एकदा महाडची आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे येऊन राहिली. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ती स्वयंपाकघराच्या दारात बसायची आणि वालाचं बिरडं कसं करायचं ते वहिनीला तिथूनच सांगायची. मोड आलेले वाल सोलणं वहिनीला काही केल्या जमेना. शेवटी दादाच उठला आणि वाल सोलायला बसला.