दोन फ्रँकफर्ट

आमच्या गल्लीतले शिंपीकाका कापडाची किनार वाचल्याशिवाय कात्री लावत नाहीत. गिरणीचं नाव तिथंच छापलेलं असतं, आणि काकांचा ना दुकानदारावर विश्वास, ना गिऱ्हाइकावर. लेकीला शिकायला जर्मनीला पाठवायचं ठरलं, तेव्हा प्रवेश मिळवून देणारा एजंट त्यांच्या नजरेतून कसा सुटणार?

एजंटने टेबलावर उंच इमारतींचा चकचकीत फोटो ठेवला. "फ्रँकफर्ट! डोळे मिटून सही करा, काका."

"डोळे मिटून मी बटणसुद्धा लावत नाही." काकांनी चष्मा पुसला आणि अर्जावर ओळीओळीने बोट फिरवलं. "फ्रँकफर्टपुढं हे 'ओडर' कसलं शेपूट?"

"नदीचं नाव हो."

"मग फोटोखाली 'माइन' का लिहिलंय?"

एजंटने घाईघाईने पाण्याचा घोट घेतला. लेकीने फोनवर नकाशा काढला. एकाच नावाची दोन शहरं होती, एक माइन नदीकाठी, दुसरं ओडरकाठी. फोटोतलं मोठं शहर पश्चिमेकडे, आणि अर्जातलं छोटं पार पूर्वेच्या सीमेवर.

काका उठले. "चल गं. दाखवायला एक तागा, कापायला दुसरा!"

लेक मात्र नकाशातच अडकली होती. "बाबा, मला हे छोटंच आवडलंय. पूल ओलांडला की चालत पोलंडमध्ये! अर्ज मात्र आपला आपण भरू."

"चालत परदेशात? असं कोण सोडतं?" काकांनी तिच्या हातातला फोन घेतला, आणि नकाशाच्या कडेला बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचायला लागले.