उठायला लागणारा वेळ

"वाक. हं. आता ऊठ. परत वाक."

माझी माय कोरड्या व्हरांड्यात वाकत होती. हातात धानाच्या रोपांचे पऱ्हे नव्हते, पायाखाली चिखल नव्हता. साहेब खुर्चीवर बसून नुसता हात वरखाली करत होते. पायरीवर दोन कारकून हसत होते. मी समोर बसून तिचं चित्र काढत होते.

साकोलीजवळच्या त्या शेती प्रशिक्षण केंद्रात मी रोजंदारीवर तक्ते रंगवायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. केंद्रात नुकताच रंगीत पडद्याचा संगणक आला होता, आणि रोवणीवर, म्हणजे धानाच्या लावणीवर, हलत्या चित्रांची छोटी फिल्म करायची होती. केंद्राचे साहेब म्हणाले, "तुझी आई रोवणीला जाते ना? बोलाव तिला." ती आमच्या गावाहून, एकोडीहून, रोवणीची एका दिवसाची मजुरी पाडून आली. धुतलेलं लुगडं नेसून.

संगणकाच्या खोलीत सगळे चपला काढून जात. मायनेही काढल्या. साहेब दारातच म्हणाले, "हिला आत नको. धूळ होते." तिचे पाय माझ्यापेक्षा स्वच्छ होते. पण आमचं घर बौद्ध दीक्षा घेतलेलं, आमची वस्ती कुठली, हे साहेबांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. मी गप्प राहिले. शिकलेली मुलगी, आणि गप्प.

जाताना मायनं विचारलं, "मी दिसून राहिली का वो त्यात?"

"दिसशील, माय. पुरं झालं का दाखवीन तुले."

"कंबर सरळ काढजो मात्र. नाही तं लोकं हसतीन."

धान कापणीला यायच्या आत ती गेली. ताप आला आणि चार दिवसांत सगळं संपलं. तिला दाखवायचं राहिलं.

तिचं पुण्यानुमोदन झालं, मी कामावर परतले. त्या संगणकाला पहिलं चित्र द्यायचं आणि शेवटचं. मधली चित्रं तो स्वतः भरायचा, सारख्या अंतरानं. साहेबांनी दोनच चित्रं ठेवली होती. वाकलेली बाई, उभी बाई. पडद्यावर माय पेटीच्या झाकणासारखी उघडत होती.

ती अशी कधीच उठली नाही. आधी उजवा हात गुडघ्यावर जायचा. मग थांबायची. श्वास घ्यायची. मग दुसरा हात कमरेवर. मान सगळ्यात शेवटी.

मी मधे माझी दोन चित्रं घातली. हात गुडघ्यावर, हात कमरेवर. त्या दोन्हींच्या मध्ये संगणकानं भरायची चित्रं वाढवली. चित्रं जितकी जास्त, तितकी हालचाल सावकाश. पडद्यावर माय थांबली. मला वाटलं, आता श्वास ऐकू येईल. मी पदर तोंडात धरून रडले.

दुसऱ्या दिवशी साहेब पाहुण्यांना घेऊन आले.

"हे मधलं कोणी घुसवलं? काढ ते. उठायला एवढा वेळ लागतो का? तुमच्यातल्या बायका कामातही आळशी आणि चित्रातही."

पाहुणे हसले.

"नाही काढणार."

"काय म्हणालीस?"

"ती माझी आई आहे, साहेब. दिवसभर वाकल्यावर तिला एवढाच वेळ लागायचा. तुम्ही एक दिवस वाकून पाहा."

साहेब शांतपणे म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

माझ्यामागे त्यांनी ती दोन चित्रं काढून टाकली. गावोगावी फिल्म दाखवली गेली. एकोडीतही. शेजारच्या बाया सांगत होत्या, त्यातली बाई झटकन उठते, मशीनसारखी. ते मी थांबवू शकले नाही.

त्यानंतर मी राबणाऱ्या बायांची पुष्कळ चित्रं काढली. भिंतीवर, कागदावर, मिळेल त्या पडद्यावर. "हिला ताजीतवानी दाखवा, जरा लवकर उठवा," असं म्हणणारे सगळीकडे भेटले. मी काम तिथेच ठेवून उठते. राबणाऱ्या बाईचा थकवा मी खोडणार नाही. उपाशी राहीन, पण खोडणार नाही.