नको म्हटलेला चहा

त्या उन्हाळ्यात आमच्या ड्रमशील गावात एकच कुजबुज चालू होती: कन्सेप्टा मुल्वीने मॅलकी ड्यूगनला लग्नाचं विचारलं आणि त्याने तिला रडत परत पाठवलं. टेसी गिलरेनच्या दुकानात हॅम कापून घेता घेता बायका हे एकमेकींच्या कानात सांगायच्या आणि मग मोठ्याने म्हणायच्या, "जाऊ दे, आपल्याला काय करायचंय." आमच्या गावात हे वाक्य आलं की समजावं, गोष्ट आत्ता कुठे रंगात येतेय.

कन्सेप्टा साठीला टेकलेली. उभा जन्म फादर कनबॉय यांच्या घरी राहून रांधण्यात गेला. सकाळी ओटची लापशी, दुपारी बटाटे, शुक्रवारी मासा आणि बटाटे, रविवारी भाजलेलं मांस आणि दोन तऱ्हांचे बटाटे. बटाट्याच्या बाबतीत फादर फार कडक. उकडल्यावर साल फुटून बटाटा हसला पाहिजे. न हसणारा बटाटा ते ताटाच्या कडेला सारत, आणि पुढच्या रविवारी प्रवचनात नरकाचा विषय निघे. कन्सेप्टाने त्या माणसाला तीस-एक वर्षं नरकापासून दूर ठेवलं. मग फादर वारले. नवे फादर आले ते तरुण, चार गावांच्या मागे धावणारे, गाडीतच डब्यातला पाला खाणारे. त्यांनी कन्सेप्टाला फार गोड शब्दांत सांगितलं की या घरात आता कचेरी होणार, सप्टेंबरपर्यंत राहायला काही हरकत नाही.

राहिली एक धाकटी बहीण, लाँगफर्डला. पण ती चहाची एकच पिशवी दोन कपांत बुडवणारी बाई. कन्सेप्टाचा चहा म्हणजे त्यावरून उंदीर दुडक्या चालीने जावा असा दाट. शिवाय त्या घरी चूल नव्हती, काचेच्या दाराचं काहीतरी होतं, आणि त्यात भाजलेला पाव खाली ओला नि वर करपलेला निघायचा.

तिचा डोळा होता मॅलकीच्या आईच्या घरावर. मॅलकी चाळीस वर्षं कॅनडात काढून परत आला, त्याने शेतात नवं घर बांधलं, आणि शेजारचं आईचं दोन खोल्यांचं घर तसंच रिकामं पडलं. चूल शाबूत. मागे गूजबेरीची झुडपं. भाड्याने मिळालं तर कन्सेप्टाला मरेपर्यंत दुसरं काही नको होतं.

आता कोणी म्हणेल, मग जायचं आणि विचारायचं. असं म्हणणारा माणूस आमच्याकडचा नव्हे. आमच्याकडे पहिल्या कपाला पाऊसपाणी आणि कोण गेलं ते होतं, दुसऱ्या कपाला कामाचं निघतं. आणि चहाचीही रीत आहे. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की खरंच नको म्हणायचं. तिसऱ्यांदा यजमान म्हणतो, "अगं बसूसुद्धा नकोस, हातातल्या हातात घे," तेव्हा "बरं, अर्धाच" म्हणून अख्खी किटली संपवायची.

कन्सेप्टा गेली ती सोडा घालून ताकात मळलेला, वर फुली कापलेला पाव फडक्यात गुंडाळून. सकाळपासून तिने मुद्दाम चहा घेतला नव्हता.

"ये कन्सेप्टा, बस. चहा घेशील?" मॅलकी म्हणाला.

"छे रे, नको. मला नाही लागत चहा."

"बरं," मॅलकी म्हणाला.

तिला वाटलं, पाठ वळवतोय ती कप काढायला. त्याने काढला, पण एकच. स्वतःला ओतून घेतला, पाव कापला, त्यावर दातांचे ठसे उमटतील इतकं जाड खारं लोणी थापलं आणि तिच्यासमोर बसून खाल्लं.

"काय पाव झालाय गं. आईच्या हातचा आठवला."

"ताक ताजं होतं," कन्सेप्टा म्हणाली. घशाला कोरड पडलेली. आईचा विषय निघालाच होता, पण हातात कप नसलेल्या बाईने हातांचं करायचं काय, आणि बोलायचं तरी कशाच्या आधाराने? ती पावाचं रिकामं फडकं घेऊन घरी आली.

"अगं, मग घेते म्हणायचंस की," टेसी दुकानात म्हणाली.

"पहिल्याच हाकेला? भिकेला लागलेय का मी?"

"कॅनडात म्हणे एकदाच विचारतात."

"मग त्या लोकांचे पाहुणे जगतात कसे?"

"हो म्हणतात म्हणून जगतात. हे बघ, पुन्हा जा आणि तोंड उघडून हो म्हण. चल, मी विचारते. कन्सेप्टा, चहा घेशील?"

"नको गं, तू कशाला... थांब. पुन्हा विचार."

टेसीने पुन्हा विचारलं. हॅम कापून संपेपर्यंत विचारत राहिली. शेवटी एक मरतुकडं "हो" बाहेर पडलं, तेव्हा कन्सेप्टा चोरी केल्यासारखी लाल झाली होती.

पुढच्या आठवड्यात ती गूजबेरीचा मुरंबा घेऊन निघाली. वाटभर "हो, हो" म्हणत होती, कुंपणापलीकडच्या गाई माना वर करून बघत होत्या. मॅलकीने दार उघडलं ते हसतच.

"ये, ये. तू चहा घेत नाहीस ते लक्षात आहे माझ्या. खास तुझ्यासाठी आणून ठेवलंय."

आणि त्याने तिच्यापुढे लाल लेमोनेडचा ग्लास ठेवला. जे आमच्याकडे नाताळात पोरांना देतात ते. कन्सेप्टाला वाटलं, हा ग्लास याच्या डोक्यावर ओतावा. पण मी चहा पिते म्हणावं तर मागचं खोटं उघडं पडणार. आणि माणूस इतका साधा की त्याच्यावर रागावायचीही सोय नाही. ती प्यायली. जीभ लाल झाली.

तरी तिने नेट लावला. "घर रिकामं राहिलं की ओल धरतं, मॅलकी."

"खरंय. द्यायचंच आहे कोणाला तरी." त्याने मुरंब्यात चमचा बुडवला. "तू लाँगफर्डला बहिणीकडे चाललीस म्हणे?"

"बघू. घडेल तसं."

"नाहीतर तूच ये की आईच्या घरी राहायला. देऊ का तुला?"

बाकी काही उरलंच नव्हतं. एका शब्दाचं काम. पण साठ वर्षांचं वळण लागलेली जीभ, मालकिणीला विचारतेय कशाला?

"छे रे, नको," कन्सेप्टा म्हणाली. "तुला कशाला उगाच त्रास."

"बरं," मॅलकी म्हणाला.

मग ती थांबली. ग्लास रिकामा झाला तरी थांबली. त्याने दुसऱ्यांदा विचारावं म्हणून छपराच्या दुरुस्तीचं सगळं ऐकलं, कॅनडातल्या बर्फाचं ऐकलं, हसली, मान डोलावली. त्याने विचारलं ते एवढंच, की आणखी लेमोनेड हवं का. फाटकातून बाहेर पडताना तिचे डोळे वाहत होते, आणि नेमका तेव्हाच टपालवाला गाडी घेऊन आला. टपालवाल्याने पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं.

ऑगस्टमध्ये अँके नावाची एक जर्मन बाई सायकलवरून आली. मॅलकीने विचारलं, चहा घेणार? ती म्हणाली, हो, दूध जास्त. मॅलकीने विचारलं, घर बघणार? ती म्हणाली, हो. आता आईच्या चुलीवर ती मसूर शिजवते, आणि गूजबेरी पाखरं खातात. कन्सेप्टा लाँगफर्डला आहे. पिशवीचं दुसरं पाणी पिते, आणि बहीण पाव विकत आणते.

लग्नाचं कोणीच कोणाला विचारलं नव्हतं. मॅलकीने घर देऊ का असं विचारलं, एकदाच, आणि कन्सेप्टा नको म्हणाली.