दादाने सभेत विचारलेला प्रश्न

लोणखेड्याच्या कॉलेजात मी वाणिज्य शिकवते. देशोदेशी कंपन्यांचा कारभार कसा चालतो, यावर तिसऱ्या वर्षाला एक प्रकरण आहे. अमेरिकेत भागधारकांचा शब्द मोठा, जपानमध्ये बराच काळ बँकांचा वचक होता. जर्मनीत मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळावर कामगारांनी निवडलेली माणसं बसतात.

माहेरच्या ओट्यावर बसून मी याची टिपणं काढत होते. दादा सूतगिरणीतली पाळी संपवून आला. केसांत कापसाची लव. परिसरातल्या शेतकऱ्यांनी भाग घेऊन उभी केलेली ती कंपनी. वडिलांमागे त्यांचे भाग दादाच्या नावावर आले होते, म्हणजे तो कामगारही होता आणि भागधारकही.

जर्मनीचं टिपण वाचून त्यानं विचारलं, "तठे कामगारबी मंडळवर बठतस? खरंच शे का हाई?"

"कायदाच शे तठला."

"मंग आपला आठे का नई?"

"आपला आठे सक्ती नई. पन तू सभामा इचारी सकस."

त्यानं वार्षिक सभेत विचारलं. मंचावर अध्यक्ष, त्यांचा मुलगा आणि जावई. "कामगारांतला एक माणूस मंडळावर घ्या," दादा म्हणाला. अध्यक्ष हसले, "मग जर्मनीलाच जा की!" मांडवभर हशा पिकला. माईक काढून घेतला गेला, आणि सगळे विषय हात वर करून मंजूर झाले. त्यात दादाच्या पाळीतल्या, भाग असलेल्या सोबत्यांचेही हात होते.

आठवडाभरात त्याला गेटवरच अडवलं. कारण कुणी सांगेना. मंडळावर एक स्वतंत्र संचालक होते, म्हणजे कारभारावर लक्ष ठेवायला नेमलेला बाहेरचा माणूस; आमच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चहा दिला.

"बेटा, मला सहीपुरतं बोलावतात. मी बोललो तर माझी खुर्ची जाईल, त्याला काम मिळणार नाहीच."

दादा सुरतेच्या कापड कारखान्यात गेला. पुढे गिरणीलाही कुलूप लागलं. हात वर करणारेही त्याच्यामागोमाग सुरतेला गेले. भारतात भागधारकाला सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, असं मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात. उत्तर बरोबर असतं. मी पूर्ण गुण देते आणि पुढची उत्तरपत्रिका ओढते.

गेल्या दिवाळीत दादा आला होता. मी म्हटलं, "कामगार न्यायालयमा अजून जाता ई का, कोनाले तरी इचारूत."

"ऱ्हाऊ दे. आते काय इचारानं नई," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून निजला.